जाहिरातीतला हिरो बरा की नव्या पेठेतला साडीवाला?

गड्ड्यावरचा_पाळणा | शनिवार, रात्री ९:४२

काल जेवता जेवता मोजायला बसलो. साडेआठची मालिका, अर्धा तास. त्या अर्ध्या तासात एकाच हिरोनं आधी बनियन विकलं, मग सिमेंट, मग केशरवाली वेलची, आणि पुढच्या ब्रेकात तोच डोकेदुखीचं मलम घेऊन हजर. बायको म्हणाली, एवढं सगळं विकल्यावर डोकं दुखणारच की.

तर धागा यावर. गैरसमज नको, मला जाहिराती लै आवडतात. लहानपणी आपल्या सोलापुरातल्या भागवत टॉकीजला पिक्चरच्या आधी काचेच्या स्लाइडा लागायच्या. हाताने रंगवलेल्या, एखादी उलटी लागली की सगळं थिएटर शिट्ट्या मारायचं. आम्हाला पोचायला उशीर झाला आणि स्लाइडा चुकल्या तर मी रडायचो. पिक्चरचं काय, तो पुढच्या आठवड्यातही असायचा.

आता सध्याची माझी नंबर एक जाहिरात सांगतो. आमच्या लोकल केबलवर रात्री अकराला जुना पिक्चर लावतात. त्यात नव्या पेठेतल्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात येते. मालक स्वतःच हिरो. पांढरा सफारी, कपाळाला विभूती. हाताचं काय करावं ते कळत नाही म्हणून एक हात इरकलच्या गठ्ठ्यावर ठेवलेला, तो शेवटपर्यंत तिथंच. नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडं, कारण तिकडं कुणीतरी लिहिलेला पुठ्ठा धरून उभं आहे. मराठीत चार ओळी शाळेतल्या कवितेसारख्या, मग तेलुगूत दोन, मग कन्नडात ‘बर्री, बर्री’, म्हणजे या, या. आणि हात जोडून गायब. संपली जाहिरात.

माझं म्हणणं एवढंच, की या माणसाच्या साडीचा रंग गेला तर सोमवारी सकाळी जाऊन मी त्याची कॉलर धरू शकतो. मुंबईच्या हिरोची कुठं धरू?

तुमच्या आवडत्या-नावडत्या येऊ द्या. मालिका, सेलिब्रिटी, सगळं चालेल.

कायबे | रात्री ९:४५

पयला! बाकीचं जेवून आल्यावर.

कडकभाकरी | रात्री १०:०३

पाळणादादा, कॉलर धरायला मी जाऊन आले आहे. तेच दुकान, तोच सफारी.

मागच्या दिवाळीत मोरपंखी साडी घेतली, गुलाबी काठाची. पहिल्याच धुण्यात काठ पदरावर उतरला. पदर असा दिसायला लागला जसा रंगपंचमीला कुणी पुसून घेतलाय. घेऊन गेले. मालक गादीवर बसलेले, समोर चहा. म्हणाले, “ताई, पहिल्या धुण्याला मीठ टाकायचं असतं.” मी म्हणाले टाकलं होतं. तर म्हणे, “मग जास्त झालं असेल.”

तेव्हा माणूस सापडतो हे खरं, सापडून करायचं काय ते पण सांगा.

गड्ड्यावरचा_पाळणा | रात्री १०:०६

ताई, धाग्याचा पायाच काढलात.

वकील_नाही_पण | रात्री १०:३१

हिरोची कॉलर धरायची सोय आहे बरं का. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं २१ वं कलम बघा. दिशाभूल करणारी जाहिरात असेल तर उत्पादकाबरोबर जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. वर एक वर्षापर्यंत जाहिरात करायला बंदी, पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत. फक्त एक पळवाट आहे. त्यानं सही करण्याआधी दाव्याची नीट खातरजमा केली होती असं दाखवलं तर तो सुटतो.

आणि वेलचीचं म्हणाल तर ९ जून २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी असल्या आडून केलेल्या जाहिराती थेट बंदच केल्या आहेत. ज्या मालाची (गुटखा, तंबाखू वगैरे) जाहिरात करता येत नाही त्याचंच नाव, तीच अक्षरं, तोच रंग वापरून भलताच माल दाखवायचा, याला त्यात मनाई आहे. तरी तुमच्या साडेआठच्या मालिकेत वेलची आहेच.

दोघांनी माघार घेतली तेही सांगायला हवं. अमिताभ बच्चन यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पानमसाल्याचा करार सोडला आणि पैसे परत केले. अक्षय कुमारनं असल्याच वेलचीच्या जाहिरातीबद्दल एप्रिल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. पण करार संपेपर्यंत जाहिरात दिसत राहील, हेही त्याच माफीत होतं!

कायबे | रात्री १०:३८

जेवून आलो. वकीलसाहेब, एवढी वेलची कोण खातं बे? आमच्या घरी शिऱ्यात दोन दाणे टाकताना आई हिशोब करते. टीव्हीवर हेलिकॉप्टरातून उतरून खायलेत.

अम्माची_लेक | रात्री ११:२०

इथं बहुतेक जण मालिकांना हसायला येणार हे माहीत आहे, म्हणून आधीच लिहिते. जरा लांबेल.

माझी अम्मा विड्या वळते. चाळीस वर्षं झाली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्रा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड मुडपायचं, पुढची. यात मान वर काढायला वेळ नाही. मान वर काढली की विडी सैल होते आणि कारखान्यात तपासताना बाजूला काढतात. छाट. तिचे पैसे नाहीत.

संध्याकाळी सात ते दहा अम्मासमोर टीव्ही चालू असतो आणि अम्मा तो बघत नाही. ऐकते.

आता तुम्ही ज्याला हसता ते आठवा. एकच गोष्ट तीनदा सांगतात. बाई दारात आली की ‘अगं तू? तू इथे? माझ्या घरात?’ मग तीन वेळा ढॅण्ण. प्रत्येक चेहऱ्यावर वेगळा ढॅण्ण. मीही कॉलेजात असताना हसायचे. एकदा अम्माच्या शेजारी बसून पानं कापायला घेतली, दहा मिनिटांत कळलं की मलाही पडदा दिसत नाहीये आणि तरी सगळी मालिका समजतेय. पहिल्या ढॅण्णला अम्मा विचारते, ‘कोन गं?’ दुसऱ्याला मी सांगते. तिसऱ्याला ती ‘हां’ म्हणते आणि दोरा तोडते. बरोबर बसतं. एका मालिकेत साधारण दोन कट्टे होतात, म्हणजे पन्नास विड्या. अम्मा वेळसुद्धा तशीच सांगते. ‘दोन कट्टे झाले की कुकर बंद कर.’

जाहिरातींचा आवाज अचानक मोठा होतो म्हणून सगळे ओरडतात. अम्माला तो कामाचा. आवाज वाढला की तिला कळतं ब्रेक लागला. मग पाय पसरते, गुडघे दाबते, पाणी पिते.

भावानं मोबाइलवर एक वेब सिरीज लावून दिली, लै गाजलेली. सगळं अंधारात, माणसं कुजबुजतात, अर्धी गोष्ट डोळ्यांनी सांगतात. अम्मानं पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, ‘यात कुणी बोलतच नाय की रे.’ बंद करायला लावलं.

अजून एक. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत सोलापुरी मराठी. अम्माचं मालिकेतलं मराठी वेगळंच आहे, ते ती खास ठिकाणी काढते. रेशन दुकानात दोन महिने ‘नाव नाही, नाव नाही’ म्हणत होते. तिसऱ्यांदा गेली आणि म्हणाली, “मला जरा कळू शकेल का, की माझं नाव यादीत का नाहीये?” तो माणूस दचकून उभा राहिला. बसायला स्टूल दिलं. नाव त्या दिवशीही सापडलं नाही, पण स्टूल दिलं.

आणि वकीलसाहेब, २००३ च्या कायद्यानं विडीची जाहिरात बंद. पाकिटावर ८५ टक्के जागेत कॅन्सरचं चित्र. बरोबरच आहे ते, अम्माचा खोकला मी रोज ऐकते. पण मग त्या वेलचीवाल्यांना चार-चार हिरो कसे, हे तिला समजावून सांगायला तुम्ही आमच्या घरी या.

पार्कचौक | रात्री ११:३४

ताई __/\__

आजपासून ढॅण्णला हसणार नाही. निदान पहिल्या दोन ढॅण्णना.

रेल्वे_लाइन्स | रविवार, सकाळी ७:१५

आमच्या वेळचं कुणीच काढलं नाही म्हणून पहाटे उठून लिहितोय. वय ६८.

सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात पिशवी, भाजीवाल्याशी हुज्जत. त्यांचं काम करणाऱ्या कविता चौधरी २०२४ मध्ये गेल्या. त्या जाहिरातीमागची गोम आजच्या मुलांना माहीत नसते. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये निरमा सुरू केली, सायकलवरून घरोघर विकायचे. स्वस्त पिवळी पावडर. बघता बघता तिनं महागड्या सर्फची झोप उडवली. आता किंमत तर कमी करायची नाही, मग काय करायचं? तर जाहिरात बनवणाऱ्या अलेक पदमसी यांनी अशी बाई उभी केली जी पैशापैशाचा हिशोब ठेवते, आणि तिच्याच तोंडून वदवलं की स्वस्त आणि परवडणारं यात फरक असतो. सर्फ अर्धा किलो घेतलं तरी त्या स्वस्तातल्या एक किलोइतकं पुरतं. युक्तिवाद होता हो त्यात! पटो न पटो, समोरच्याला अक्कल आहे असं धरून बोलत होती ती बाई. माझी आई तिच्याशी टीव्हीसमोर बसून वाद घालायची. “आमच्या बोअरच्या पाण्यात येऊन धू म्हणावं!” आणि दुसऱ्या दिवशी निरमाच आणायची, गाणं गुणगुणत.

आता कुणी वाद घालावा असं काही बोलतच नाहीत. हिरो डोंगरावरून उडी मारतो, खाली येऊन कोल्ड्रिंक पितो. त्याच्याशी काय वाद घालणार?

शेंगाचटणी_पुणे | सकाळी ९:५०

मूळचा जुळे सोलापूरचा, सध्या पुण्यात. पोटापाण्यासाठी जाहिरातींचं डबिंग करतो, म्हणजे तुमच्या शिव्यांचा मी हक्काचा धनी. मराठी चॅनलवरच्या जाहिरातींचं मराठी असं का, ते सांगतो.

जाहिरात हिंदीत शूट होते. वीस किंवा तीस सेकंद, फ्रेमसकट पक्की. मराठी मजकूर सकाळी व्हॉट्सॲपवर येतो आणि दुपारपर्यंत आवाज द्यायचा असतो. मजकूर लिहिणाऱ्याला हिंदीच्या मापात मराठी बसवावं लागतं. त्यात सगळ्यात छळणारी अक्षरं म्हणजे प, फ, ब, भ, म. ही म्हणताना ओठ मिटतात किंवा दाताला लागतात आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं. हिरॉईन हिंदीत ‘बाल’ म्हणते तेव्हा ओठ मिटलेले. मराठीत तिथं ‘केस’ आलं तर ओठ मिटलेले आणि आवाज उघडा. भुताटकी वाटते. मग ओठ मिटतात तिथं ‘ब’ किंवा ‘म’ असलेला शब्द शोधायचा. म्हणून ‘मजबूत केस’. म्हणून मराठी जाहिरातीत सगळंच मजबूत असतं, सिमेंटपासून दातांपर्यंत.

त्यामुळं ‘आपल्या त्वचेला द्या सुंदरतेचा स्पर्श’ हे ऐकून तुमचे कान किटतात तेव्हा लक्षात घ्या, ते बोलताना माझेही किटलेले असतात. एकदा मी ‘सुंदरते’ऐवजी ‘सौंदर्य’ म्हणून पाहिलं. पलीकडून फोनवर बाई म्हणाल्या, जरा सोपं करा ना, लोकांना कळायला पाहिजे. म्हटलं, कुठल्या लोकांना?

पाळणा, तुझ्या साडीवाल्याचे ओठ आणि आवाज जुळतात, तिथंच तो निम्मा जिंकला.

कायबे | सकाळी १०:०४

म्हणजे ‘बे’ पण ओठ मिटवून म्हणायचं अक्षर आहे. मग सोलापुरीत डब करा की. ‘केस गळायलेत का बे?’ एकदम फिट बसतंय.

शेंगाचटणी_पुणे | सकाळी १०:१०

तू माझी नोकरी घालवणार.

पार्कचौक | सकाळी ११:२७

सोलापुरीवरून आठवलं. कोल्हापूरच्या पैलवानाला मालिका मिळाली, साताऱ्याच्या फौजीला मिळाली, मालवणच्या भुतालासुद्धा मिळाली. सोलापूरच्या जिवंत माणसाला कधी? इथं एका गल्लीत तीन भाषा, मार्केट यार्डात कांदा, दोन हाताच्या अंतरावर माग खडखडतोय, चार दिवसांनी पाणी येतं. अहो, नुसत्या पाणी यायच्या वेळेवर हजार भाग निघतील. पण मालिकेत सोलापूर येतं ते कसं? रुखवतात चादर दिसली की कुणीतरी म्हणतं ‘ही सोलापूरहून आणली’. खलास.

माणसं कमी आहेत असंही नाही. शशिकला इथं जन्मल्या. अतुल कुलकर्णी इथलेच, दोन राष्ट्रीय पुरस्कार घेतले. नागराज मंजुळे करमाळ्यातल्या जेऊरचे, रिंकू राजगुरू अकलूजची. सिनेमानं आपल्या जिल्ह्याची भाषा जशीच्या तशी घेतली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. मग टीव्हीला कसली भीती वाटते?

आता सेलिब्रिटींबद्दल. मागं एका दागिन्यांच्या दुकानाचं उद्घाटन होतं, सात रस्त्याच्या बाजूला. दुकानाचं नाव घेत नाही, बाईंचंही नाही. पाच वाजता येणार म्हणून पोस्टर. मी भाचीला घेऊन साडेचारला उभा. सहा वाजले, भाचीला भूक लागली, भडंग खाल्लं. सात वाजले, पुन्हा भडंग. सव्वाआठला काळी गाडी आली, काच चार बोटं खाली झाली, हात बाहेर आला, हलला, आत गेला. मग स्टेजवर दोन मिनिटं. “हॅलो शोलापूर!” शोलापूर! इंग्रजांनी जाताना स्पेलिंग ठेवलं ते यांच्यासाठीच. “मला तुमची चादर खूप आवडते.” एक चादर दिली, ती बाईंनी न बघता मागच्या माणसाकडं दिली, त्यानं त्याच्या मागच्याकडं.

भाची म्हणाली, मामा, हात छान होता.

कडकभाकरी | सकाळी ११:४०

हात छान होता 😂😂 पाणी प्यायला गेले होते, ठसका लागला.

वकील_नाही_पण | दुपारी १:१५

आवाजाचा मुद्दा निसटला होता. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत लिहिलं आहे की जाहिरातीचा आवाज आणि चित्र अवाजवी ‘मोठं’ नसावं. तासाला जाहिराती जास्तीत जास्त १२ मिनिटं, त्यात दहा मिनिटं बाहेरच्यांची आणि दोन मिनिटं चॅनलनं स्वतःची टिमकी वाजवायला. घड्याळ लावून बसा एकदा.

अम्माची_लेक, तुमच्या अम्मांसाठी मी हा मुद्दा मागे घेतो.

मंगळवारपेठ_मोबाइल | दुपारी ३:०२

माझं मोबाइलचं दुकान आहे. रमीच्या जाहिरातींवर कुणीच बोललं नाही?

दोन-तीन वर्षं रोज बघितलंय. मोठमोठे नट, क्रिकेटवाले. ‘या, खेळा, जिंका.’ आणि शेवटी एक आवाज इतक्या वेगानं बोलायचा की चादरीच्या मागाला लाजवेल. ‘यातआर्थिकजोखीमआहेसवयलागूशकतेजबाबदारीनंखेळा.’ एका श्वासात. आमच्याकडं एक पोरगा कामाला होता, टॉवेलच्या कारखान्यातून सुटून आलेला. हुशार, डिस्प्ले बदलायला हात इतका हलका की बघत राहावं. पगार झाला की तिसऱ्या दिवशी उचल मागायचा. मला वाटलं घरी कुणी आजारी आहे. आजारी कुणी नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःचाच मोबाइल माझ्याकडं विकायला आणला, तेव्हा कळलं. ॲप उघडं होतं, त्यात हिरो हसत होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली आणि त्यांच्या जाहिरातींवरही. बरं झालं. पोरगा आता पुण्याला आहे, फोन उचलत नाही. वकीलसाहेबांनी वर ‘खातरजमा केली असेल तर सुटका’ लिहिलंय. त्या हिरोनं काय खातरजमा केली होती, ते एकदा ऐकायचंय मला.

रेल्वे_लाइन्स | दुपारी ३:२०

याला काय उत्तर द्यावं कळत नाही. वाचलं.

कायबे | दुपारी ४:४५

विषय जरा जड झाला म्हणून अवांतर. चौकाचौकातल्या फ्लेक्सवरच्या वाढदिवसवाल्यांना सेलिब्रिटीत धरायचं का? आमच्या कोपऱ्यावर एकाचा फोटो आहे, काळा गॉगल, कानाला मोबाइल. खाली चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज. त्यातला एक मी आहे. मला विचारलंच नव्हतं. फोटो बारावीच्या हॉल तिकिटाचा.

गड्ड्यावरचा_पाळणा | संध्याकाळी ६:१०

तू सेलिब्रिटी झालास की. आता वेलची विक.

कडकभाकरी | रात्री ८:२५

अपडेट. इथं एवढं कॉलर कॉलर चाललंय म्हणून आज दुपारी ती मोरपंखी साडी पिशवीत टाकली आणि परत गेले. रविवार, दुकान निम्मं उघडं. मालक तिथंच, गादीवर.

साडी काढायच्या आधी मी म्हटलं, “तुम्ही केबलवर येता ना?” तर माणूस एकदम फुलला. उठून उभा राहिला. “बघितली का ताई? कन्नड नीट ऐकू येतं का? पोरं म्हणतात ते फास्ट झालंय.” म्हटलं, छान येतं. मग त्यांनी चहा मागवला. पुठ्ठा कुणी धरला होता ते सांगितलं, धाकट्या सुनेनं. सहा टेक झाले. सफारी लग्नातला.

मग मी पिशवीतून साडी काढली. त्यांनी पदर उजेडात धरला, काठ नखानं खरवडला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा लॉटच खराब होता.” मीठ वगैरे काही नाही. साडी बदलून मिळाली नाही, जुनी झाली म्हणाले. पण दुसऱ्या साडीवर तीनशे रुपये कमी केले आणि फॉल-पिको फुकट.

दुसरी साडी बाराशेची आहे. म्हणजे मी तक्रार करायला गेले आणि नऊशे रुपये देऊन आले.

अम्माची_लेक | रात्री ८:३१

ताई, हे सगळं अम्माला वाचून दाखवलं. विचारतेय, नवीन साडी कुठल्या रंगाची.

मालिका सुरू झाली आणि पाणीही आत्ताच आलं. मोटार लावून येते.